सागर आणि मागे राहिलेली माणसे : पोर्तुगीज साहित्याचा परिचय

मुंबईहून नागपूर, भंडारा, साकोली करीत कलकत्त्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि गोंदियाहून निघून नवेगावबांध, अर्जुनी मोरगावकडे उतरणारा रस्ता ज्या चौफुलीवर एकमेकांस छेदतात, ते कोहमारा गाव समुद्रापासून इतके दूर आहे की, येथल्या पुष्कळ माणसांच्या आयुष्यात पाण्याचा सर्वांत मोठा विस्तार म्हणजे नवेगावचा बांध किंवा इटियाडोहचा जलाशय. अशा गावी बसून, ज्या राष्ट्राचे सारे चरित्र खाऱ्या पाण्यावर लिहिले गेले त्या पोर्तुगालच्या साहित्याची ओळख करून द्यावयाची, हे वाचकास प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु याच चौफुलीवर क्षणभर उभे राहून माणसांची बोलणी ऐकली, तर ती विसंगती आपोआप विरघळते. बिडीच्या धंद्यावर ज्याची एके काळी भिस्त होती त्या गोंदियाच्या मुलखात ‘तंबाखू’ हा शब्द कोणास परका वाटत नाही. रस्त्याच्या कामावर मजूर ज्यातून मुरूम वाहतात ते ‘घमेले’, महिनाअखेरीस ज्याची वाट पाहिली जाते तो ‘पगार’, तेंदूपत्त्याच्या घटकांचा होणारा ‘लिलाव’, कुलपाची ‘चावी’ आणि विहिरीवरची ‘बालटी’ हे सारे शब्द कोकणपट्टीवर उतरलेल्या फिरंगी खलाशांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि पाद्र्यांच्या तोंडून आपल्याकडे आले आणि घाट चढून, बैलगाड्यांच्या वाटांनी, वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत पोहोचले. ‘बटाटा’ हा त्यांचा शब्द मात्र आमच्या झाडीपट्टीत रुजला नाही; येथे आजही आलूच शिजतो.

शब्द आले, पण त्या शब्दांचे साहित्य आपल्यापर्यंत आले नाही. पोर्तुगीज म्हटले की मराठी मनासमोर उभा राहतो तो अंमलदार: समुद्रात परवान्यावाचून तारू फिरकू न देणारा, देवळे पाडणारा, धर्मन्यायालयाच्या तुरुंगात माणसे डांबणारा, आणि अखेर १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे वसईचा कोट खाली करून देणारा. हे चित्र खोटे नाही. गोव्यातील धर्मन्यायालय १५६० पासून १८१२ पर्यंत चालले आणि त्याने केलेला जुलूम कोणत्याही साहित्याच्या तेजाने झाकला जाणार नाही. परंतु ज्या राष्ट्राने अंमलदार पाठविले त्याच राष्ट्राने त्या अंमलदारांना जाब विचारणारे कवी, नाटककार आणि कादंबरीकार निर्माण केले. माझ्या मते पोर्तुगीज साहित्याचा उत्तम अंश हा गलबतावर चढून गेलेल्या वीरांचा नसून बंदरावर मागे राहिलेल्यांचा आहे: वाट पाहणाऱ्या स्त्रियांचा, शाप देणाऱ्या वृद्धांचा, दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या भूमिहीनांचा.

या साहित्याचा आरंभच मुळी वाट पाहण्यात झाला. इबेरियाच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिशियन आणि पोर्तुगीज या अद्याप विभक्त न झालेल्या बोलीत बाराव्या ते चौदाव्या शतकांत जी गीते रचली गेली, त्यांतील सर्वांत मनोहर प्रकार ‘कांतिगा द आमिगु’ म्हणजे प्रियकरासाठी गायिलेले गीत हा होय. त्यात बोलणारी नेहमी स्त्री असते. ती समुद्राच्या लाटांना, पाइनच्या फुलांना, आपल्या आईला किंवा मैत्रिणीला विचारते की माझा सखा कुठे राहिला. आणि ओळ किंचित बदलून पुन्हा पुन्हा येत राहते, जशी जात्याच्या फेऱ्यागणिक ओवी येते. विशेष हा की, ही स्त्रीची वाणी रचणारे कवी बहुशः पुरुष होते. ज्ञानदेवांची विराणी ज्याने ऐकली आहे त्या मराठी वाचकास यात काहीच नवल वाटणार नाही. ईश्वराच्या विरहात पुरुषाने स्त्री होऊन बोलावे हे आपल्या परंपरेस इतके स्वाभाविक आहे की, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला लौकिक प्रेमासाठी तेच रूप योजले गेले हे कळताच एखादा दूरचा आप्त भेटल्यासारखे होते. मार्तिं कोदाश या कवीची अशी सात गीते आणि त्यांपैकी सहांची स्वरलिपी एका चर्मपत्रावर शिल्लक राहिली; ते चर्मपत्र सिसेरोच्या एका जुन्या ग्रंथाच्या बांधणीत दडलेले होते आणि १९१४ साली ते उजेडात आले.

या गीतकारांत एक राजाही होता. दिनिश हा राजा १२७९ पासून १३२५ पर्यंत पोर्तुगालच्या गादीवर होता आणि त्याच्या नावावर सुमारे १३७ गीते आहेत. त्याने १२९० साली लिस्बन येथे विद्यापीठाची स्थापना केली, तेच पुढे कोइंब्रा येथे स्थिरावले. १२९० म्हणजे शके १२१२. त्याच वर्षी नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. एका लोकभाषेच्या पाठीशी राजसत्ता उभी राहिली आणि दुसरीच्या पाठीशी संन्याशाचा पोर म्हणून समाजाने लोटलेला एक मुलगा, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. त्याहूनही मागे गेले तर, ज्या विवेकसिंधूला आम्ही वैदर्भीय वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याशी जोडतो, त्याचे परंपरेने मानलेले वर्ष ११८८ हे आहे. पोर्तुगीज भाषेतील अगदी आरंभीचे जे दस्तऐवज उपलब्ध आहेत, तेही बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातीलच. दोन्ही भाषा जवळपास एकाच सुमारास लेखणीखाली आल्या.

पंधराव्या शतकात फेर्नाव लोपेश नावाच्या दफ्तरदाराने, राजवाड्याच्या दफ्तरखान्यातील कागदपत्रे समोर ठेवून, राजांच्या बखरी लिहिल्या. त्याच्या बखरींत राजापेक्षा लिस्बनची रयत अधिक जिवंत आहे. वेढ्यात सापडलेल्या शहरात भाकरीसाठी वणवण करणारी माणसे त्याने ज्या ममतेने रंगविली आहेत, ती ममता आपल्या बखरकारांत मला क्वचितच आढळली.

परंतु या साहित्याच्या पहिल्या खऱ्या महान लेखकाची भेट व्हावयाची तर रंगभूमीवर जावे लागते. जिल व्हिसेन्ते याने १५०२ साली, राणीच्या प्रसूतिगृहात, एका गुराख्याच्या वेषात प्रवेश करून राजपुत्राच्या जन्माबद्दल ग्रामीण बोलीत भाषण केले आणि तेथून पोर्तुगीज रंगभूमीची परंपरा सुरू झाली असे मानतात. धानाची कापणी उरकली की ज्या झाडीपट्टीत रात्र रात्र नाटके रंगतात आणि दंडारीच्या सोंगांना पहाटेपर्यंत माणसे हटत नाहीत, तेथल्या प्रेक्षकाला व्हिसेन्ते समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच्या एका नाटकात, जे १५१७ चे आहे, मृत्यूनंतरच्या काठावर दोन नावा उभ्या आहेत: एक सैतानाची, एक देवदूताची. मिजासखोर सरदार, व्याजबट्ट्याने गबर झालेला सावकार, प्रेयसीला हाताशी धरून आलेला मठवासी, लाचखाऊ न्यायाधीश असे एकेक जण मोठ्या ऐटीत देवदूताच्या नावेकडे जातात आणि परत पाठविले जातात. स्वर्गाची वाट मोकळी होते ती एका भोळ्या खुळ्यासाठी आणि धर्मयुद्धात पडलेल्या चार योद्ध्यांसाठी. दरबारात, प्रत्यक्ष राजकुटुंबासमोर, हे दाखविण्याचे धैर्य या माणसाजवळ होते.

त्याचे दुसरे एक नाटक आपल्याशी अधिक निकटचे आहे. त्याचे नावच ‘भारताचे नाटक’ असे असून ते १५०९ साली खेळले गेले. म्हणजे वास्को द गामा कालिकतला येऊन अवघी अकरा वर्षे झाली होती आणि गोवा अद्याप घेतला जावयाचा होता. नाटकात भारत कोठेच दिसत नाही. दिसते ती लिस्बनमधील एक तरुण विवाहिता, जिचा नवरा आरमारातून निघून गेला आहे. तो खरोखरच गेला की नाही या शंकेने ती आधी रडते, गेल्याची खात्री पटताच सुटकेचा श्वास टाकते, आणि दोन प्रियकरांच्या संगतीत वर्षे काढते. अखेर नवरा परततो, उन्हाने रापलेला, आणि सांगतो की आम्ही लढलो, लुटालूट केली, हाल सोसले. त्या घरात आता कोणाचेच कोणाशी खरे नाते उरलेले नाही. साम्राज्याच्या अरुणोदयीच त्याची घरगुती किंमत मोजून दाखविणारा हा नाटककार मला पुष्कळ इतिहासकारांहून दूरदृष्टीचा वाटतो.

आता लुईश द कामोंइश. पोर्तुगीजांचा हा व्यास म्हणा, होमर म्हणा. त्याच्या मृत्यूचा दिवस, १० जून, त्या देशाचा राष्ट्रीय दिन आहे. सुमारे १५२४ साली तो जन्मला. आफ्रिकेतील सेउता येथील चकमकीत त्याचा उजवा डोळा गेला; लिस्बनमध्ये मिरवणुकीच्या दिवशी राजसेवेतील एका मनुष्यास जखमी केल्याबद्दल त्यास बंदिवास घडला; आणि माफीनंतर १५५३ साली तो भारतात चाकरी करण्यासाठी गोव्यास आला. तेथे त्याने मोहिमा पाहिल्या आणि दारिद्र्य पाहिले. पुढे तो अतिपूर्वेकडे गेला आणि मेकाँग नदीच्या मुखाशी त्याचे जहाज फुटले, तेव्हा महाकाव्याचे हस्तलिखित सावरीत तो किनाऱ्याला लागला अशी आख्यायिका आहे. इंद्रायणीच्या डोहातून तरलेल्या वह्यांची कथा ज्यांच्या रक्तात आहे, त्यांनी या आख्यायिकेची सत्यासत्यता तपासीत बसू नये. लोक आपल्या कवीचे शब्द पाण्यात बुडू देत नाहीत, एवढाच तिचा अर्थ. परतीच्या वाटेवर मोझांबिक येथे तो मित्रांच्या अन्नावर दिवस काढीत असलेला आढळला. १५७० साली लिस्बनला पोहोचून १५७२ साली त्याने ‘उश लुझियादश’ हे महाकाव्य प्रसिद्ध केले. दहा सर्ग, ११०२ अष्टपदी कडवी. राजाकडून अल्पसा वार्षिक तनखा मिळाला. १५८० साली तो वारला आणि त्याच वर्षी पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या राजाच्या हाती गेले.

महाकाव्याचा विषय वास्को द गामाची भारतयात्रा हा आहे; त्यात व्हीनस पोर्तुगीजांचा कैवार घेते आणि पूर्वेचा स्वामी म्हणवणारा बॅकस त्यांच्या वाटेत विघ्ने आणतो. भारतीय वाचकाने हे काव्य कसे वाचावे? त्यात पूर्वेकडील लोकांविषयी, विशेषतः मुसलमानांविषयी, जो तुच्छताभाव आहे तो डोळ्यांआड करून वाचता येत नाही, आणि करूही नये. परंतु चौथ्या सर्गाच्या अखेरीस, गलबते सुटण्याच्या घटकेला, रेश्तेलोच्या किनाऱ्यावर आया आणि बायका आक्रोश करीत असताना, गर्दीतून एक वृद्ध पुढे येतो. त्याच्या अंगावर ना हुद्दा आहे ना शस्त्र. कीर्तीच्या हव्यासाला, सत्तेच्या लोभाला आणि घराजवळचा शत्रू सोडून दूरच्या मुलखाचा ध्यास घेणाऱ्या मूढतेला तो असा शाप देतो की, त्यानंतरचे सहा सर्ग त्या शापाच्या छायेतून बाहेर पडत नाहीत. आपल्याच महाकाव्याच्या मध्यभागी त्याच्याविरुद्धचा दावा दाखल करून ठेवणारा कवी हा थोर कवी होय, आणि म्हणूनच या काव्यावर साम्राज्याच्या भाटांइतकाच आपलाही हक्क आहे असे मी मानतो.

हक्काचे आणखी एक कारण आहे. कामोंइशची छापून प्रसिद्ध झालेली पहिली कविता लिस्बनला निघाली नाही. ती गोव्यात निघाली. १५५६ साली गोव्यास मुद्रणयंत्र आले आणि १५६३ च्या एप्रिल महिन्यात तेथे गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा, भारतातील औषधी व मसाल्यांविषयीचा, संवादरूप ग्रंथ छापला गेला. त्याच्या आरंभी व्हाइसरॉयला उद्देशून, या विद्वानास आश्रय द्यावा अशी शिफारस करणारे कामोंइशचे एक गीत आहे. ऑर्ता १५३४ साली भारतात आला होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा असे आणि मुंबईचे बेट त्याच्याकडे मक्त्याने होते. त्याच्या ग्रंथात युरोपातून नुकताच आलेला रुआनो नावाचा कल्पित वैद्य प्रश्न विचारतो आणि ऑर्ता उत्तरे देतो: आंबा, फणस, नारळ, विड्याचे पान, हिंग, भांग, आणि पटकीचा आजार. ग्रीक आणि अरब आचार्यांनी काय लिहिले यापेक्षा आपण डोळ्यांनी काय पाहिले आणि येथल्या वैद्यांनी काय सांगितले याला तो अधिक मान देतो. आणि ही वृत्ती त्या काळच्या युरोपात दुर्मिळ होती. चारच वर्षांनी त्याचा लॅटिन संक्षेप निघून तो ग्रंथ सर्व युरोपभर वाचला गेला. परंतु ऑर्ता ज्यू वंशाचा होता. १५६८ साली तो वारला. पुढल्याच वर्षी त्याच्या बहिणीला धर्मन्यायालयाने जिवंत जाळले, आणि १५८० साली त्याच्या अस्थी उकरून काढून त्यांचीही होळी करण्यात आली. ज्या वर्षी कामोंइश निवर्तला तेच हे वर्ष.

सतराव्या शतकात पोर्तुगीज गद्याला सर्वोच्च शिखरावर नेले ते जेझुइट धर्मोपदेशक आंतोनियो व्हिएरा याने. १६५४ साली ब्राझीलमधील मारान्याँव येथे, मूळ रहिवाशांना गुलाम करून राबविणाऱ्या वसाहतवाल्यांसमोर त्याने प्रवचन केले. परंतु माणसे ऐकत नाहीत म्हणून आपण माशांनाच उपदेश करतो असे म्हणून तो बोलू लागला. तुमचा मोठा दोष हा की तुम्ही एकमेकांना खाता, आणि त्यातही मोठे लहानांना खातात, असा त्याचा आशय आहे. आपल्या नीतिशास्त्राने ज्याला मत्स्यन्याय म्हटले तोच हा. फरक इतकाच की आपल्या शास्त्रकारांनी तो राजदंडाच्या समर्थनार्थ सांगितला, व्हिएराने तो राजदंड धारण करणाऱ्यांच्या तोंडावर सांगितला. तथापि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या बाबतीत त्याची वाणी इतकी निःसंदिग्ध राहिली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

त्याच्याआधी काही वर्षे गोव्यात, थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने, पोर्तुगीज छत्राखाली राहून, मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ मराठी वाचकास परिचित आहे, म्हणून येथे त्याचा विस्तार करीत नाही. फारसा परिचित नाही तो दुसरा एक ग्रंथ. कॉस्मे द ग्वार्दा नावाच्या लेखकाने पोर्तुगीज भाषेत शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले आणि ते १७३० साली लिस्बनला छापले गेले. त्यात दंतकथा पुष्कळ आहेत आणि इतिहासकारास ते जपून वापरावे लागते. परंतु ग्रंथाच्या नावातच लेखकाने शिवाजी महाराजांना ‘विख्यात आणि परम भाग्यवान’ म्हटले आहे. ज्यांच्या अंमलाखालच्या बारदेशावर महाराजांची स्वारी झाली, त्यांच्याच राजधानीत छापल्या गेलेल्या पुस्तकाचे हे नाव आहे.

अठराव्या शतकात बोकाझ हा एकच नाव घेण्याजोगा कवी; तोही सैनिक म्हणून गोव्यास आला, त्याने गोव्यातील पोकळ खानदानी मिजाशीवर जहाल सुनीते लिहिली, आणि दमणला बदली होताच तेथून पळून गेला. एकोणिसाव्या शतकात आल्मेदा गार्रेत याने १८२५ साली कामोंइशच्याच जीवनावर काव्य लिहून स्वच्छंदतावादाचा प्रारंभ केला. त्यानंतर आला कामिलो कास्तेलो ब्रांको, ज्याचे आयुष्य त्याच्या कादंबऱ्यांहून अधिक वादळी होते. परस्त्रीशी प्रेमसंबंध ठेवल्याच्या आरोपावरून तो पोर्तु येथील तुरुंगात असताना त्याने अवघ्या पंधरा दिवसांत ‘विनाशकारी प्रेम’ अशा अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. ती १८६२ साली निघाली. तिचा नायक सिमाव हा खुनाच्या आरोपाखाली हद्दपारीची शिक्षा भोगण्यासाठी भारताकडे निघालेल्या जहाजावर ज्वराने मरतो आणि त्याच्यावर मूकपणे प्रेम करणारी लोहाराची मुलगी मारियाना त्याच्या प्रेताबरोबर समुद्रात उडी घेते. व्हिसेन्तेच्या काळी भारत म्हणजे लुटीचे स्वप्न होते. तीन शतकांनंतर तो काळ्या पाण्याची शिक्षा झाला होता. एका राष्ट्राच्या कल्पनाविश्वातील आपल्या देशाचे हे स्थित्यंतर मनात धरून ठेवण्याजोगे आहे.

एसा द केइरोश याने कादंबरीला शहराच्या दिवाणखान्यात आणून बसविले. तो पेशाने वकिलातीतला अधिकारी. हवाना, न्यूकॅसल, ब्रिस्टल आणि पॅरिस येथून त्याने आपल्या देशाकडे पाहिले, आणि अंतरामुळे त्याची दृष्टी निवळली. ‘उश मायश’ (१८८८) ही त्याची श्रेष्ठ कादंबरी. बुद्धिमान, सुखवस्तू, सदा सुधारणेच्या गोष्टी बोलणारा पण काहीच न करणारा वर्ग कसा कुजतो हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने ती वाचावी. तिचे लिस्बन आपल्या कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणापासून फार दूर नाही.

फर्नांदो पेसोआ (१८८८ ते १९३५) हा विसाव्या शतकाचा कवी. बालपण दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे गेले; पुढील सारे आयुष्य लिस्बनच्या व्यापारी पेढ्यांची परदेशी पत्रे लिहिण्यात गेले. त्याच्या हयातीत त्याचे एकच पोर्तुगीज पुस्तक निघाले, १९३४ साली. मृत्यूनंतर त्याच्या पेटीत पंचवीस हजारांहून अधिक कागद सापडले, आणि त्यांवर एकच कवी नव्हता. आल्बेर्तो कायेरो हा फारसा न शिकलेला, मेंढ्या न पाळताही स्वतःला मेंढपाळ म्हणवणारा निसर्गकवी. रिकार्दो रेइश हा संयमी अभिजातवादी वैद्य. आल्व्हारो द कांपोश हा यंत्रयुगाने झपाटलेला अभियंता. प्रत्येकाचा जन्म, देहयष्टी, तत्त्वज्ञान आणि छंद निराळे. ही टोपणनावे नव्हेत. बालकवी किंवा गोविंदाग्रज म्हटल्याने कवी बदलत नाही, येथे तो संपूर्ण बदलतो. अभंगाच्या शेवटी आपले नाव कोरून आपण एकच आहोत अशी ग्वाही देणाऱ्या आपल्या संतांनंतर हा कवी वाचला की मन प्रथम गोंधळते. परंतु त्याचे ‘अस्वस्थतेचे पुस्तक’, जे १९८२ साली प्रथम ग्रंथरूपाने निघाले, ते एका कचेरीतील सामान्य हिशेबनिसाची रोजनिशी आहे, आणि कचेरीत ज्याने दिवस काढले आहेत त्यास ती फार समजावून सांगावी लागत नाही.

त्यानंतर सालाझारच्या एकतंत्री राजवटीने आणि तिच्या अभ्यवेक्षकांनी लेखकांचे तोंड दाबले. १९७२ साली तीन स्त्रियांनी, ज्या तिघींच्याही नावात मारिया आहे, एकत्र मिळून ‘नवी पोर्तुगीज पत्रे’ लिहिली. स्त्रीच्या देहाविषयी आणि वसाहतींतील युद्धाविषयी उघडपणे लिहिल्याबद्दल पुस्तक जप्त होऊन त्यांच्यावर खटला भरला गेला, आणि २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने राजवट कोसळली तेव्हाच त्या दोषमुक्त झाल्या.

जुझे सारामागो यास १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पोर्तुगीज भाषेला मिळालेले ते पहिलेच. तो १९२२ साली आझिन्यागा या खेड्यात भूमिहीनांच्या घरी जन्मला. सारामागो हे त्याचे कुळनाव नव्हते. ती एक रानभाजी आहे, आणि त्या घराण्याला गावाने ठेवलेले ते टोपणनाव जन्मनोंदणी करणाऱ्या कारकुनाने परस्पर दप्तरात चढविले. आमच्याकडे पहिल्या पावसानंतर गरिबांच्या चुलीवर तरोट्याची भाजी चढते; एखाद्याचे आडनावच ‘तरोटे’ पडावे तसा हा प्रकार. स्टॉकहोमच्या सभागृहात भाषण करताना त्याने आरंभ केला तो आपल्या निरक्षर आजोबांपासून, ज्यांना तो आपण पाहिलेला सर्वांत शहाणा मनुष्य म्हणतो. हिवाळ्यात डुकरांची अशक्त पिले थंडीने मरू नयेत म्हणून ते आजी-आजोबा त्यांना आपल्या अंथरुणात घेत. आणि शेवटच्या आजारात शहराकडे नेताना आजोबांनी परसातील एकेका झाडाला मिठी मारून निरोप घेतला होता. सारामागोच्या १९८० च्या कादंबरीत आलेंतेजूच्या शेतमजुरांच्या पिढ्या आहेत. १९८२ च्या कादंबरीत एका राजाच्या नवसापायी माफ्रा येथे बांधलेल्या प्रचंड मठाचे दगड ओढणारे हजारो वेठबिगार आहेत, आणि सर्वांची नावे सांगणे अशक्य म्हणून लेखक वर्णमालेतील प्रत्येक अक्षराचे एकेक नाव घेऊन त्यांची आठवण करतो. फेर्नाव लोपेशच्या बखरीतील रयत पाचशे वर्षांनी अशी परत आली.

शेवटी पुन्हा गोवा; कारण पोर्तुगीज साहित्याचा एक लहानसा पण स्वतंत्र प्रवाह आपल्याच भूमीत वाहिला. नावेली येथे १८२९ साली जन्मलेला वैद्य आणि लिस्बनच्या संसदेतील गोव्याचा प्रतिनिधी फ्रान्सिश्कु लुईश गोमिश याने १८६६ साली ‘उश ब्राह्मणिश’ ही कादंबरी लिहिली. तिचे कथानक फैजाबादेस, १८५७ च्या उठावाच्या पार्श्वभूमीवर घडते, आणि भारतातील गोरे राज्यकर्ते हीही एक जातच आहे हे ती ठामपणे मांडते. पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४ ते १९६९) यांनी गोव्याच्या दफ्तरखान्यातील हजारो कागद वाचून, मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांचा इतिहास दोन्ही भाषांत सिद्ध केला. मराठीचे नामवंत कथाकार लक्ष्मणराव सरदेसाई यांनी, ज्यांना त्या राजवटीचा तुरुंगवास घडला होता, गोवा मुक्त झाल्यानंतर पोर्तुगीज भाषेत कथा लिहिल्या; सत्ता गेल्यावर भाषा निर्वैर झाली, याचा याहून सुंदर दाखला मला ठाऊक नाही. विमला देवी यांचा ‘मोन्साँव’ हा कथासंग्रह १९६३ चा. त्यातील पाऊस, भाटकारांची जुनी घरे आणि परदेशी गेलेल्या मुलांची वाट पाहणाऱ्या आया सारे आपले आहे. पणजीत जुन्या वास्को द गामा संस्थेच्या, म्हणजे आजच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या, प्रवेशदालनात निळ्या फरशांवर कामोंइशच्या महाकाव्यातील दृश्ये रंगविलेली आहेत. जाणाऱ्याने ती अवश्य पाहावी.

परंतु कोहमाऱ्याच्या वाचकास मी प्रथम एकच पुस्तक सुचवीन. मडगावात वाढलेल्या ऑर्लांदो द कॉश्ता यांची ‘उ सिग्नु द इरा’ ही कादंबरी १९६१ साली, गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, लिस्बनला निघाली. दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईच्या काळात भाटकाराच्या शेतात राबणारी, मूठभर तांदळासाठी मिंधी झालेली ख्रिस्ती शेतमजूर माणसे तिच्यात आहेत. रोवणीच्या दिवसांत चिखलाच्या बांधीत दिवसभर वाकून उभे राहिल्यावर पाठ कशी धरते, हे ज्यांना पुस्तकावाचून ठाऊक आहे त्या धानाच्या मुलखात ही कादंबरी मूळ पोर्तुगीजवरून केलेल्या मराठीत वाचली जावी, आणि गोव्यात ती भाषा जाणणारी पिढी आहे तोवर कोणी तरी हे काम अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे.